आधी भार उतरवा



एखादी प्रौढ स्वमग्न व्यक्ती ‘आता माझ्याच्याने काहीच होत नाही’ म्हणत येते, तेव्हा आपणा उपचारकांचा हात सवयीने नैराश्याच्या प्रश्नावलीकडे जातो. थकवा, बिघडलेली झोप, माणसे टाळणे. गुण भराभर पडतात आणि पाठोपाठ आपला ठरलेला सल्ला येतो: घराबाहेर पडा, लोकांत मिसळा, रोज एक काम वाढवा. ही व्यक्ती ऑटिस्टिक बर्नआउटमधून जात असेल, तर हा सल्ला तिला आणखी खचवू शकतो. आधी भार उतरवायचा, कामे वाढवण्याचे नंतर पाहायचे, एवढेच मला या व्यासपीठावरून मांडायचे आहे.

संशोधक डोरा रेमेकर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये १९ मुलाखती आणि तितकेच सार्वजनिक लेखन तपासून या अवस्थेच्या तीन खुणा सांगितल्या: सहसा तीन महिने किंवा अधिक टिकणारी थकावट, अंगवळणी पडलेली कौशल्ये हातची जाणे आणि संवेदना सोसण्याची ताकद घटणे. यांतली दुसरी खूण आपल्या नजरेतून सर्वांत जास्त निसटते. वर्षानुवर्षे कचेरी सांभाळणाऱ्या बाईला सकाळी दात घासायचे, आंघोळ करायची की आधी चहा टाकायचा, हा क्रमच लागत नाही. फोन वाजला की शब्द फुटत नाहीत, कुकरची शिट्टी असह्य होते. घरचे त्याला आळस म्हणतात, आपण औदासीन्य. पण तिच्या आवडीच्या विषयाबद्दल विचारून पाहा. ओढ पुष्कळदा शाबूत असते, बळ नसते. या थकव्यामागे असतो तो आधाराविना सोसलेला ताण: नजरेला नजर देणे, वाक्ये आधी घोकून ठेवणे, हातांची हालचाल दाबून धरणे. आणि हे सारे इतके बेमालूम, की ‘तुम्ही स्वमग्न वाटत नाही’ अशी शाबासकीही मिळते!

आक्षेप येईल, की ही अवस्था डीएसएम या निदानसूचीत नाही, आयसीडीतही नाही आणि पुरावा तुटपुंजा आहे. मान्य. म्हणूनच मी निदानाचा नवा शिक्का मागत नाही. भार किती, हे तपासायला शिक्का लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: या नावाखाली खरे नैराश्य सुटून गेले तर? दोन्ही एकत्र असू शकतात, त्यामुळे आत्महत्येच्या विचारांची चौकशी कधीही टाळू नये. सारा कॅसिडी यांच्या २०१८ च्या अभ्यासात स्वमग्नता लपवणे आणि न मिळालेला आधार, या दोन्हींचा आत्महत्येच्या जोखमीशी संबंध आढळला होता. विश्रांतीने टाळाटाळ पोसली जाईल, ही भीतीही रास्त आहे. पण भीतीपोटी टाळणारा आणि शक्ती संपलेला, यांना एकच औषध कसे चालेल?

सुरुवात आपल्याच खोलीपासून व्हावी. डोक्यावरची ट्यूबलाइट बंद करता येते, कॅमेरा बंद ठेवून ऑनलाइन सत्र घेता येते, गृहपाठ थांबवता येतो. नोकरीतल्या सवलतींसाठी पत्र देणे हेही उपचाराचेच काम. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नता समाविष्ट आहे आणि सरकारी आस्थापनांवर वाजवी सोयी पुरवण्याचे बंधन आहे.

परत गेल्यावर आपापल्या केसपेपरात एक प्रश्न वाढवा: ‘पूर्वी सहज जमणारे काय आता जमेनासे झाले आहे?’ आणि उत्तर लिहून देण्याची मुभा ठेवा.