पंथ सुटला, पण भीती?
(गावसभेत झालेले भाषण)



मी आमचा पंथ सोडला त्यास बारा वर्षे झाली. गळ्यातली माळ काढावयास एक क्षण पुरला. मनातली भीती काढावयास वर्षे लागली. पहिल्याच पावसाळ्यात माझा बैल घटसर्पाने गेला. "महाराजांचा कोप झाला," असे लोक म्हणाले. खोटे कशाला सांगू, रात्री अंथरुणावर मलाही तसेच वाटले. सकाळी विचार केला. त्याच आठवड्यात शेजारच्या दाजींचाही बैल गेला. दाजी तर महाराजांची नेमाने सेवा करणारे! मग कोप कोणावर झाला? दोघांनीही पावसाळ्याआधी बैलांना लस टोचून घेतली नव्हती, एवढेच खरे.

असेच प्रश्न विचारणाऱ्या एका कारागिराची हकिकत ऐका. हॉलंड देशी, आम्स्टरडॅम शहरात, इ. स. १६३२ साली बारूख स्पिनोझा हा एका ज्यू कुटुंबात जन्मला. त्याचे वाडवडील पोर्तुगालातले. तेथे ज्यूंना बळाने बाटविले होते आणि इन्क्विझिशन नावाचे धर्मन्यायालय त्यांचा छळ करी. हेच न्यायालय पुढे १५६० साली गोव्यातही बसले. परंतु ज्यांनी छळ सोसला, त्यांच्याच पुढाऱ्यांनी ता. २७ जुलै १६५६ रोजी या तेवीस वर्षांच्या तरुणास वाळीत टाकले. त्याच्याशी कोणी बोलू नये, एका छपराखाली राहू नये, चार हातांच्या आत जाऊ नये, त्याने लिहिलेले वाचू नये!

त्याने काय केले? तो रडत परत गेला नाही, की दुसऱ्या धर्माच्या दारातही उभा राहिला नाही. दुर्बिणीची भिंगे घासून त्याने पोट भरले आणि विचार चालू ठेवला. धर्मग्रंथ माणसांनी लिहिले. ते कोणी, केव्हा, कोणासाठी लिहिले हे तपासून वाचावे, असे त्याने १६७० साली छापले. देव आणि सृष्टी वेगळी नाहीत, असे त्याचे मत होते. १६७३ साली हायडेलबर्ग विद्यापीठात त्याला प्राध्यापकाची जागा देऊ करण्यात आली. पण चालू धर्माला धक्का लावू नये, अशी अपेक्षा सोबत होती. त्याने जागा नाकारली. १६७७ साली, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, तो वारला.

आज महाराष्ट्रात वाळीत टाकणे हा गुन्हा आहे. २०१६ च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होतात. कायदा पंचांचा धाक आवरील. मनातला धाक मात्र प्रश्न विचारल्यानेच जातो.

बायांनो, तुम्ही मडके वाजवून घेता. दादांनो, तुम्ही बियाणे पारखून घेता. मग मत तेवढे न वाजविता का घ्यावे? एका महाराजाला सोडून दुसरा डोक्यावर बसवू नका. आणि माझे हे बोलणेही वाजवूनच घ्या.