टेबलावर दोन दांड्या पुरतात

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या स्नेहसंमेलनातील भाषण)



कमिटीने मला ‘घर आणि फुलं’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला लोक सहसा ठेवींचे व्याजदर विचारतात. पण खालच्या बागेत रोज सकाळी चालणारी माझी लुडबूड सगळ्यांनी पाहिलेली आहे, त्यामुळे हा विषय माझ्या वाट्याला आला असावा.

आपल्या घरांत फुलं येत नाहीत असं नाही. गुढीला माळ येते, गौरींना तेरडा येतो, दसऱ्याला दाराला झेंडूचं तोरण लागतं. देवाची पुडी रोज येते. सत्काराला गुच्छ, फोटोला हार. पण काहीही कारण नसताना, कुणीही येणार नसताना, जेवणाच्या टेबलावर फूल ठेवलेलं किती घरांत दिसतं? माझं म्हणणं एवढंच, की घरात राहणाऱ्यांसाठीही फूल असावं. आपल्याकडे आता बऱ्याच घरांत दोघंच राहतात, काही घरांत तर एकटंच कुणी. मुलं बंगलोरला नाहीतर कॅनडाला. अशा घरात सकाळी उठून पाणी बदलायचं, सुकलेलं काढायचं, एवढं काम असलं तरी दिवसाला सुरुवात मिळते. शिवाय आज कळी होती ती उद्या उमललेली असते. एकट्याच्या घरात काल आणि आज यांत काही फरक दिसणं, ही लहान गोष्ट नाही.

खर्चाचं म्हणाल तर फार नाही. मंडईजवळ किंवा मार्केट यार्डात गुलछडीच्या दांड्या मिळतात, मुंबईकर तिला निशिगंध म्हणतात. दोन दांड्या पुरतात. तिची फुलं खालून वर उमलत जातात. खालची सुकली की खुडून टाकायची, म्हणजे वरच्या कळ्या उमलायला वाव मिळतो आणि दांडी पाच-सहा दिवस चालते. शेवंती त्याहून जास्त टिकते. जरबेराला मात्र पाणी बेताचं ठेवायचं, दोन-तीन बोटं. जास्त पाण्यात त्याचा देठ कुजतो.

बाकी नियम थोडेच आहेत. देठ धारदार कात्रीने तिरका कापावा, चेचू नये. पाण्यात बुडणारी पानं काढून टाकावीत, नाहीतर पाण्याला वास येतो. पाणी रोज बदलावं आणि बाटली आतून घासावी. फुलदाणी फ्रिजवर, उन्हात किंवा थेट पंख्याखाली ठेवू नये. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: फुलं पिकलेल्या केळ्या-आंब्यांशेजारी ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्याने फुलंही लवकर कोमेजतात. महागड्या फुलदाणीची गरज नाही. लोणच्याची रिकामी बरणी चालते, आजीच्या वेळचा तांब्या तर फारच शोभतो. देठ तुटलेली फुलं असतील तर पितळी घंगाळात पाणी घालून त्यावर सोडावीत.

आता वाळलेल्या फुलांकडे येतो. वाळलेलं म्हणजे निर्माल्य, आणि निर्माल्य म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नदीच्या पुलावरून खाली, हे समीकरण आपण आता तरी मोडायला हवं. वाळवायला चांगली फुलं म्हणजे कोंबडा, बटन फूल, स्टॅटिस, थोडी मिटलेली गुलाबाची फुलं. पाच-सात देठांची जुडी दोऱ्याने बांधायची आणि अंधाऱ्या, हवेशीर जागी उलटी टांगायची. दोन-तीन आठवड्यांत खडखडीत वाळतात. उलटी टांगल्यामुळे माना पडत नाहीत आणि अंधारामुळे रंग टिकतो. हे काम पावसाळ्यात करू नये, बुरशी धरते. दिवाळीनंतर होळीपर्यंतचे कोरडे महिने उत्तम. नातवंडं आली की बोगनवेलीची फुलं जुन्या वर्तमानपत्रात घालून जाड पुस्तकांखाली दाबून ठेवावीत. पंधरा दिवसांनी त्यांची शुभेच्छापत्रं करता येतात.

काही फुलं वाळल्यावरही वास सोडत नाहीत. बकुळीचा वळेसर कपाटात साड्यांमध्ये ठेवण्याची पद्धत आपल्या आया-आज्यांची. कोकणातली सुरंगीही तशीच. वेंगुर्ल्याकडे उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिचे वळेसर विकायला येतात, आणि घरी आणल्यावर किती तरी दिवस त्यांचा वास दरवळतो. प्राजक्त दुपारपर्यंत मलूल होतो, पण त्याचे केशरी देठ सावलीत वाळवून ठेवता येतात. पूर्वी त्यांच्या रंगात कापड रंगवत. दसऱ्याचं तोरण वाळलं की झेंडू कुस्करून बी काढून ठेवा. पावसाळ्यात कुंडीत पेरलं तर पुढच्या दसऱ्याच्या सुमारास फुलं येतात. हायब्रीड झेंडू असेल तर हुबेहूब तेच फूल येईल असं नाही, पण झेंडू येईल. गावठी गुलाबाच्या पाकळ्या आणि खडीसाखर थरावर थर घालून काचेच्या बरणीत तीन-चार आठवडे उन्हात ठेवली की गुलकंद तयार. त्यासाठी मात्र घरच्या कुंडीतले गुलाब घ्यावेत. दुकानातल्या फुलांवर औषधं मारलेली असतात.

प्लॅस्टिकच्या फुलांबद्दल कुणाच्या घरावर टीका करायची नाही. पण ती धूळ धरतात, आणि महिनाभराने आपण त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. शिवाय त्यांच्यामुळे आपल्या फुलांना भाव मिळत नाही, ही फूलशेती करणाऱ्या शेतकऱ्यांची तक्रार आहे. आपल्या मावळातले गुलाब १४ फेब्रुवारीसाठी परदेशी जातात आणि आपल्या दिवाणखान्यात प्लॅस्टिकचे गुलाब, हे बरं दिसत नाही.

आता थोडं नाजूक विषयाकडे वळतो. बागेतल्या फुलांवरून आपल्याकडे होणारे वाद सगळ्यांना ठाऊक आहेत. पहाटे साडेपाचला पिशवी घेऊन झाड साफ करणारे कोण, यावर सर्वसाधारण सभेतही चर्चा झाली आहे! माझी सूचना अशी, की फांदीवरची फुलं सगळ्यांनी बघण्यासाठी राहू द्यावीत आणि खाली पडलेली वेचावीत. प्राजक्त आणि बकुळ जमिनीवरून वेचलेली असली तरी देवाला चालतात, म्हणजे देवाचीही हरकत नाही.

पण उद्या वेचायला झाड तरी हवं. मागच्या कोपऱ्यात, जिथे प्राजक्त आणि बकुळ आहेत, तिथे पार्किंग करावं असा विषय पुढच्या सभेत येणार आहे. गाड्या वाढल्या, जागा पुरत नाही, ही अडचण खरी आहे. ती मांडणाऱ्यांवर माझा राग नाही. मात्र तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली शहरातलं झाड वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, मग ते सोसायटीच्या आवारात का असेना. दोन, समोरच्या बाजूला तिरके पट्टे आखून किती गाड्या बसतात, हे आधी मोजून पाहावं. टेप धरायला मी येतो. आणि तीन, बकुळ फार सावकाश वाढतो. आपण राहायला आलो त्या वर्षी लावलेलं हे झाड पंचवीस वर्षांनी असं डेरेदार झालं आहे. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ही मुदत ठेव आहे, आणि आत्ता कुठे तिचं व्याज हातात पडू लागलं आहे. ठेव मोडली तर नवीन झाड लावता येईल, पण त्याच्या सावलीत बसायला आमच्या पिढीतलं कुणी नसेल.

दहा मिनिटं झाली, सेक्रेटरी घड्याळ दाखवत आहेत. शेवटी एकच विनंती. या व्यासपीठावरची फुलं कार्यक्रम संपल्यावर कचऱ्यात जाऊ देऊ नका. गुच्छांचा चकचकीत कागद आणि हिरवा स्पंज काढून टाका, आणि जाताना प्रत्येक घरासाठी दोन दांड्या न्या. ज्यांना आज गुडघेदुखीमुळे खाली येता आलं नाही, त्यांच्या दारातही दोन पोचवा. घरी गेल्यावर देठ तिरका कापायला विसरू नका.