चावी कोणाकडे आहे?

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात १९९४ च्या दहावीच्या बॅचमधील माजी विद्यार्थिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू काय काम करतेस ते पंधरा मिनिटांत सांग." माझ्या आईला ते वीस वर्षांत नीट सांगता आलेलं नाही. ती शेजारणींना म्हणते, "आमची पोरगी खोटा पूर आणते आणि लोकांची धावपळ करवते." याहून नेमकं वर्णन मलाही जमणार नाही. मदत संस्थांमध्ये काम करणाऱ्या माणसांसाठी मी आपत्तीचे सराव तयार करते आणि घेते. पूर, चक्रीवादळ, भूकंप यातलं काहीही खरं नसतं. पण त्या दिवशी फोन वाजतात, निर्णय घ्यावे लागतात, ट्रक भरावे लागतात, आणि कुठं काय अडतं ते दिसतं.

याची सुरुवात याच मैदानात झाली. विसर्जनाची रात्र होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. किल्लारी, सास्तूर ही नावं सकाळी कळली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, असली घरं झोपलेल्या माणसांवर बसली. हजारो माणसं गेली. इथं बसलेल्या काहींच्या घरची माणसं त्यात होती, म्हणून मी त्यावर जास्त बोलत नाही.

पण एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी या मैदानात मदतीचे ट्रक येऊन उभे राहिले. आपण पोरंपोरी कपड्यांच्या ढिगातून धडके कपडे वेगळे करत होतो. एका ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला आणि विचारू लागला, "माल कुठं उतरवू?" चौघांनी चार गावं सांगितली. संध्याकाळपर्यंत तो ट्रक तिथंच उभा होता. मदत भरपूर आली होती, मनानं चांगली माणसंही भरपूर होती. फक्त कोणी काय ठरवायचं हे ठरलेलं नव्हतं. मला पंधराव्या वर्षी एवढंच कळलं की चांगुलपणाला आधी तालीम लागते.

आता या तालमीचं काम कसं चालतं ते सांगते. सराव मुख्यतः तीन तऱ्हांचे. पहिला टेबलाभोवतीचा. दहा-बारा जण बसतात, प्रसंग वाचून दाखवला जातो आणि "आता तुम्ही काय कराल?" यावर चर्चा होते. दुसरा कामकाजाचा. लोक आपापल्या खुर्चीत बसूनच काम करतात, पण फोन, ईमेल, निरोप खोट्या पुराचे येतात. तिसरा मैदानी. त्यात ट्रक हलतात, तंबू उभे राहतात, जखमी झाल्याचं सोंग घेतलेली माणसं असतात. नव्या संस्थेला मैदानीच हवा असतो, कारण त्याचे फोटो चांगले येतात. मी सांगते, आधी टेबलाभोवती बसा. जे बोलून जमत नाही ते पळून जमणार नाही.

सराव लिहायला बसलं की आधी वादळ लिहायचं नसतं, आधी उद्दिष्ट लिहायचं. "समन्वय सुधारणे" हे उद्दिष्ट नव्हे, ती इच्छा झाली. "इशारा मिळाल्यापासून सहा तासांच्या आत पाचशे कुटुंबांचं साहित्य गोदामातून बाहेर पडेल" हे उद्दिष्ट, कारण संध्याकाळी त्यावर हो किंवा नाही म्हणता येतं. एका दिवसात अशी दोन-तीन पुरतात. मग त्यांच्याभोवती प्रसंग रचायचा आणि चिठ्ठ्या लिहायच्या. प्रत्येक चिठ्ठीवर वेळ, कोणी पाठवायची, कोणाला पाठवायची आणि ती मिळाल्यावर काय व्हायला हवं, हे लिहिलेलं असतं. दहा वाजून दहा मिनिटांनी तालुक्यातून फोन : पूल पाण्याखाली गेला. दहा पंचवीसला दुसरा फोन : पूल चालू आहे. आता कोणाचं खरं धरायचं? पावणेअकराला एक बाई दारात येते, तिचा मुलगा निवाऱ्यातून हरवलाय. ही बाई म्हणजे जवळच्या कॉलेजच्या नाट्यमंडळातली मुलगी, पण ती इतकी खरी रडते की टेबलामागचा माणूस फॉर्म शोधायचं विसरतो. मग एक पत्रकार येतो आणि विचारतो, "तुमच्या तांदळात अळ्या निघाल्या म्हणे?" शेजारच्या खोलीत आम्ही तिघं-चौघं घड्याळ बघत हे सगळं सोडत असतो. लोक सुस्तावले तर चिठ्ठ्या वाढवायच्या, गांगरले तर थोडं थांबायचं.

दोन नियमांना मात्र अपवाद नाही. प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला आणि शेवटी "सराव, सराव" म्हणायचंच. आणि खरंच कोणी पडलं, कोणाला चक्कर आली, तर थांबवण्याचा एक शब्द सगळ्यांना आधी माहीत हवा. तो ऐकला की सगळं जागच्या जागी बंद. याला हसू नका. १३ जानेवारी २०१८ ला अमेरिकेतल्या हवाई बेटांवर लोकांच्या मोबाईलवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा गेला. तो पाठवला गेला तो सरावाच्या वेळी. सरावाच्या निरोपात "सराव" हा शब्द होता, पण "हा सराव नाही" असं वाक्यही होतं, आणि यंत्रापुढच्या माणसानं तो खरा धरला. चूक झाल्याचा दुसरा निरोप लोकांच्या मोबाईलवर यायला ३८ मिनिटं लागली. तेवढा वेळ आईबाप लेकरांना घेऊन बाथरूममध्ये बसले होते.

आता माझी स्वतःची चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय आजचं बोलणं अर्धवट राहील.

मी रचलेला पहिला मोठा मैदानी सराव ओडिशाच्या किनाऱ्याकडच्या एका जिल्ह्यात होता. ओडिशाच का, तर १९९९ च्या महाचक्रीवादळात त्या राज्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर तिथं निवारे बांधले गेले, इशारे गावोगाव पोहोचू लागले, सराव सुरू झाले. मे २०१९ मध्ये फनी वादळ आलं तेव्हा दहा लाखांहून जास्त लोकांना आधीच हलवलं होतं आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. तेव्हा सरावानं काय होतं असं कोणी विचारलं, तर मी ओडिशाकडे बोट दाखवते.

माझा सराव झकास झाला. महिनाभर आधी तारीख कळवली होती. सकाळी दहाला इशारा, साडेदहाला गोदाम उघडलं, दुपारी एकपर्यंत ट्रक भरून तयार. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी अहवालात लिहिलं, "सर्व उद्दिष्टे साध्य." त्या अहवालाचं माझं कौतुकही झालं.

तीन महिन्यांनी खरा पूर आला, तो सुट्टीच्या आदल्या रात्री. गोदामाची चावी एकाच माणसाकडे होती आणि तो लग्नाला गावी गेलेला. दुसरी चावी कार्यालयाच्या कपाटात, आणि कपाटाची चावी हिशेबनिसाकडे. त्याचा फोन लागेना. शेवटी कुलूप तोडायचं ठरलं, पण तोडायची परवानगी कोणी द्यायची यात आणखी काही तास गेले. ताडपत्र्या गावात पोहोचायला दीड दिवस उशीर झाला. मी तिथं गेले तेव्हा बांधावर एक आजी नातवाला पोटाशी धरून बसली होती, दोघांवर मिळून एक खताची पिशवी फाडून घेतलेली. ती मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

ते कुलूप माझ्या सरावाच्या दिवशीही तिथंच होतं. फक्त त्या दिवशी चावीवाला सकाळी आठपासून चावी हातात घेऊन उभा होता, कारण मीच त्याला तारीख सांगितली होती. मी सराव घेतला नव्हता, गॅदरिंग घेतलं होतं.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. आठवडा सांगते, वार आणि वेळ सांगत नाही. सराव सुरू होऊन अर्धा तास झाला की सगळ्यात महत्त्वाच्या माणसाच्या हातात एक बंद पाकीट देते. आत लिहिलेलं असतं, "तुम्ही जखमी आहात. फोन बंद करा आणि कोपऱ्यात गप्प बसा." साहेब लोकांना हे फार जड जातं. एका साहेबांनी खुणा करून सूचना द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना चहाला बाहेर न्यावं लागलं. पण त्या दिवशी खालच्या माणसांना कळतं की सहीचा अधिकार कोणाकडे आहे हे आपल्याला माहीतच नाही. ते खऱ्या पुरात कळण्यापेक्षा त्या दिवशी कळलेलं स्वस्त पडतं.

सोयीसाठी केलेला सराव नुसता निरुपयोगी नसतो, तो घातही करतो. जपानमधल्या कामाइशी शहराची गोष्ट आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असते. ११ मार्च २०११ ची त्सुनामी आली तेव्हा तिथल्या उनोसुमाई भागातली शाळेची मुलं आधीच्या शिकवणीप्रमाणे उंचावर पळाली. एका ठरलेल्या जागी पोहोचल्यावर ती जागा पुरेशी वाटेना, म्हणून आणखी वर गेली आणि वाचली. त्याच भागात आपत्ती निवारणासाठी बांधलेली एक नवी इमारत होती. त्सुनामीत आसरा घेण्याची ती जागा नव्हती, ती खोलगट भागात होती. पण खरी जागा लांब आणि चढावर, म्हाताऱ्या माणसांना सराव सोपा जावा, गर्दी जमावी, म्हणून सराव या इमारतीत घेतले जायचे. त्सुनामीच्या आठच दिवस आधी असा एक सराव झाला होता. ११ मार्चला लोक तिथंच गेले. शंभराहून जास्त माणसं त्या इमारतीत गेली ती परत आली नाहीत. माणूस भीतीच्या वेळी विचार करत नाही, जे पायांना माहीत असतं तेच करतो. म्हणून पायांना काय शिकवतो याची जबाबदारी सराव घेणाऱ्यावर असते.

सराव संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत आम्ही गोल करून बसतो. काय ठरलं होतं, काय झालं, तसं का झालं आणि उद्यापासून काय बदलायचं, एवढेच चार प्रश्न. बोलायला सुरुवात ड्रायव्हर, पहारेकरी, नवे स्वयंसेवक यांनी करायची आणि साहेबांनी सगळ्यात शेवटी. उलट केलं तर पहिल्या भाषणानंतर सगळे "हो, तसंच" म्हणतात. "कोणाचं चुकलं" हा प्रश्न तिथं नसतो. चूक लपवावी लागली तर ती खऱ्या दिवसासाठी शिल्लक राहते.

आणि शेवटची गोष्ट, सापडलेल्या प्रत्येक त्रुटीपुढे एका माणसाचं नाव आणि तारीख लिहायची. जुलै २००४ मध्ये अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरासाठी 'पॅम' नावाच्या काल्पनिक वादळाचा पाच दिवसांचा सराव झाला होता. बांधांवरून पाणी येईल, ज्यांच्याकडे गाड्या नाहीत ते अडकतील, हे सगळं त्यात पुढे आलं होतं. पुढची एक बैठक प्रवासखर्चाला पैसे नाहीत म्हणून रद्द झाली. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळ आलं तेव्हा बरंच काम अर्धवट होतं. त्रुटी सापडली म्हणजे ती दूर झाली असं नसतं.

आता आपल्या शाळेबद्दल बोलते. मुख्याध्यापकबाईंना विचारूनच बोलते आहे. आज सकाळी लवकर येऊन मी सगळी शाळा फिरले. आपल्या वेळी बैठ्या खोल्या होत्या, आता दोन मजले आहेत, आनंद वाटला. मागचं फाटक बघायला गेले तर त्याला कुलूप होतं. मी तीन जणांना विचारलं, "चावी कोणाकडे आहे?" मला तीन उत्तरं मिळाली. खरं उत्तर चौथंच निघालं.

ही तक्रार नाही. देशातल्या कुठल्याही शाळेत, आणि आम्हा मदत संस्थांच्या कार्यालयांत तर नक्कीच, हेच सापडेल. पण आपण किल्लारीच्या शेजारचे लोक आहोत. म्हणून आज जमणाऱ्या निधीबरोबर आपल्या बॅचतर्फे मी आणखी एक गोष्ट देऊ करते. दरवर्षी सप्टेंबरमध्ये मी स्वतः येऊन शाळेचा सराव घेईन. आठवडा सांगेन, वेळ सांगणार नाही. कदाचित मधल्या सुट्टीत, पोरं डबे उघडून बसलेली असताना. एक जिना बंद ठेवीन. शिपाई मामांच्या हातात पाकीट देईन, आणि बाई, आधीच माफी मागते, एक पाकीट तुमच्याही हातात देईन. त्यानंतर आपण गोल करून बसू आणि सगळ्यात आधी पाचवीची मुलं बोलतील.

पहिल्या वर्षी सगळा गोंधळ उडेल. उडू दे. तो गोंधळ बघायला आपल्यातल्या ज्यांना जमेल त्यांनी या. निरीक्षक मला लागतातच. हातात वही, गळ्यात ओळखपत्र, आणि दिसलं ते लिहायचं, मध्ये पडायचं नाही, एवढंच काम आहे. आमच्या बॅचच्या चौघांनी मघाशी जेवताना नावं दिली आहेत.

मागच्या फाटकाच्या तीन चाव्या करून घ्यायचं बाईंनी आजच कबूल केलं आहे. पहिला सराव तिथूनच सुरू झाला, असं मी समजते.