फी कोणी भरायची?

डॉक्टरला दवाखाना उघडायचा तर वैद्यक परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. वकिलाला बार कौन्सिलची सनद लागते. परिचारिकेचीही नोंदणी असते आणि ठरावीक मुदतीने तिचे नूतनीकरण करावे लागते. स्कॉटलंडमध्ये तर शिक्षकांचीही अशी परिषद आहे. १९६५ च्या कायद्याने ती स्थापन झाली आणि शिक्षकाला दरवर्षी तिची फी भरावी लागते. आपल्याकडे शिक्षकाची अशी वार्षिक नोंदणी नाही. पण म्हणून शिक्षक सुटला, असे कोणी समजू नये. आपल्याकडे नोंदणीची जागा पात्रता परीक्षेने घेतली आहे आणि वर्गणीची जागा त्या परीक्षेच्या फीने. आज मला त्या फीविषयीच चार शब्द बोलायचे आहेत.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी पात्रता परीक्षा सक्तीची केली. हीच ती टीईटी. महाराष्ट्रात ही परीक्षा २०१३ पासून पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. पहिली ते पाचवीसाठी एक पेपर, सहावी ते आठवीसाठी दुसरा. प्रत्येक पेपर दीडशे गुणांचा, अडीच तासांचा.

आता फीचे आकडे ऐका. २०२१ च्या परीक्षेत एका पेपरला खुल्या आणि इतर मागास प्रवर्गाला ५०० रुपये होते. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांना २५० रुपये. त्यानंतर तीन वर्षे परीक्षाच झाली नाही. २०२४ साली झाली तेव्हा ५०० चे १००० झाले आणि २५० चे ७००. म्हणजे ज्याला सवलत नव्हती त्याची फी दुप्पट झाली, आणि ज्याला सवलत होती त्याची जवळजवळ तिप्पट. केंद्राच्या सीटीईटीतही एका पेपरला १००० रुपयेच पडतात. पण तिथे सवलतीची फी ५०० आहे. आपण केंद्राची मोठी फी उचलली, तिची सवलत मात्र दिल्लीतच राहू दिली.

शहरातला माणूस म्हणेल, हजार रुपये म्हणजे काय मोठी रक्कम? एका जेवणाचे बिल तेवढे होते. खरे आहे. पण मी वाशीम जिल्ह्यातून बोलतो आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०१८ साली केंद्राने देशातल्या मागे पडलेल्या जिल्ह्यांची आकांक्षित जिल्हे म्हणून निवड केली, त्यात महाराष्ट्रातले चारच होते. नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि आमचे वाशीम. इथले अर्थकारण सोयाबीनवर चालते. सोयाबीन दसऱ्याच्या आसपास सोंगले जाते आणि दिवाळीच्या तोंडावर घरात पैसा येतो. टीईटीचे अर्ज २०२४ मध्येही सप्टेंबरात भरून घेतले आणि २०२५ मध्येही सप्टेंबरातच सुरू झाले. ज्या महिन्यात खताचे, फवारणीचे उधार डोक्यावर असते आणि खिसा रिकामा असतो, नेमक्या त्या महिन्यात. मंगरूळपीर-मानोऱ्याकडच्या घरांत तेव्हाचे हजार रुपये आणि दिवाळीनंतरचे हजार रुपये एकसारखे नसतात.

माझी एक भाची डी.एड. झालेली आहे. एका विनाअनुदानित शाळेत महिना सहा हजारांवर शिकवते. सुटीच्या महिन्यात तेही नाहीत. दोनदा टीईटीला बसली, एकदा सीटीईटीला. शिवाय भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी वेगळी, तिची फी वेगळी. २०२४ ला तिने मला विचारले, "मामू, दोन्ही पेपर भरले तर बाराशे लागतात, एकच भरला तर हजार. कोणता भरू?" दोनशे रुपयांत दुसरी संधी मिळते, हा हिशेब सोपा आहे. पण तिच्याकडे हजारच होते. पहिलीच्या मुलांना शिकवायचे की सातवीच्या, हे तिने आवडीवरून ठरवायला हवे होते. ते पर्स उघडून ठरवावे लागले.

फी वाढवण्याच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या जातात आणि त्या टाळून चालणार नाही. पहिली अशी, की फी कमी असली तर कोणीही उगाच अर्ज करतो. मला हे पटत नाही. दोन वर्षे डी.एड. करून, अडीच तास पेपर द्यायला जिल्ह्याच्या गावी जाणारा माणूस उगाच जात नाही. फीने गंभीर कोण ते कळत नाही, पैसेवाला कोण एवढेच कळते.

दुसरी गोष्ट खर्चाची. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या परीक्षेतला गैरव्यवहार २०२१ च्या डिसेंबरात पुणे पोलिसांनी उघडकीस आणला. साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांचे निकाल रद्द करावे लागले. त्यानंतर कॅमेरे आले, बोटांचे ठसे आले, बंदोबस्त वाढला. हे सगळे हवेच आणि त्याला पैसा लागतो, हेही कबूल. पण चोरी झाली म्हणून घराला मजबूत कुलूप लावले, तर त्याचे पैसे ज्याच्या घरात चोरी झाली त्याच्याच पाहुण्याकडून घेतात का? त्या परीक्षेत प्रामाणिकपणे बसून नापास झालेल्या पोरापोरींचे आधीच नुकसान झाले होते. पुढचा खर्चही त्यांच्याच माथी पडला.

आता या प्रश्नाला नवे वळण लागले आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यातला पहिला पक्षकार अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट ही अल्पसंख्याक शिक्षणसंस्था आणि समोर महाराष्ट्र राज्य. न्यायालयाने सांगितले की ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ आहे, अशा आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. ज्यांची पाच वर्षेही उरली नाहीत त्यांना नोकरीपुरती सूट, बढतीसाठी नाही. अल्पसंख्याक शाळांना हा नियम लावावा की नाही, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे विचारार्थ पाठवला. त्यामुळे वीस-वीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्यासमोर उभे राहिलेले गुरुजी आणि बाई २०२५ च्या सप्टेंबरात माझ्या भाचीच्याच रांगेत आले.

परीक्षा नकोच, असे मी म्हणत नाही. मी घरी दखनी बोलणारा आणि कविता मराठीत लिहिणारा माणूस. मला मराठी दिली ती शाळेतल्या एका बाईंनी, आणि त्यांच्या वेळी टीईटी नव्हती. पण त्याच शाळेत आम्हाला पाढ्यांशिवाय काहीही न देणारे मास्तरही होते, आणि त्यांच्याही वेळी टीईटी नव्हती. मूल गरिबाचे असले तरी त्याला चांगला शिक्षक मिळाला पाहिजे, हा कायद्याचा हेतू मला मान्य आहे. माझा प्रश्न एवढाच, की अट घालणारा एक आणि पैसे भरणारा दुसरा, हे कसे? पगारदार गुरुजींना हजार रुपये जड नाहीत. पण सरकारने स्वतः नेमलेल्या माणसाला सरकारच नव्याने पात्रता सिद्ध करायला लावत असेल, तर त्याची फी सरकारने भरावी, हा साधा न्याय आहे.

वकिलांच्या बाबतीत न्यायालयाने हा न्याय केलेला आहे. वकिलांच्या नोंदणीची फी १९६१ च्या कायद्यात ठरलेली आहे. सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५. प्रत्यक्षात राज्याराज्यांच्या बार कौन्सिल हजारो रुपये घेत होत्या. ओडिशात तर ४२ हजारांवर. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे बंद केले. व्यवसायाच्या दारावरच भरमसाट पैसे मागितले, तर दुबळ्या घरातला माणूस आत येऊच शकत नाही आणि समतेचा हक्क कागदावर राहतो, असा त्या निकालाचा आशय आहे. शिक्षकाच्या फीला कायद्याने अशी कमाल मर्यादा घातलेली नाही. म्हणून ती तीन वर्षांत दुप्पट होऊ शकली.

स्कॉटलंडचे उदाहरण मी सुरुवातीला दिले ते उगाच नाही. तिथेही फी वाढते. २०१७ साली ती ५० पौंडांवरून ६५ झाली आणि शिक्षक नाराज झाले. पण त्या परिषदेत शिक्षकांनीच निवडून दिलेल्या सदस्यांचे बहुमत होते. न्यूझीलंडमध्ये शिक्षक परिषदेने फी वाढवली, तेव्हा माध्यमिक शिक्षकांची संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०२१ मध्ये जिंकली. आपल्याकडे पैसे देणाऱ्याचा आवाज कुठे आहे? विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघ आहे, अमरावती विभागाचाही आहे. पण राज्यघटनेच्या १७१ व्या कलमाप्रमाणे माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षणसंस्थांतले शिक्षकच त्याचे मतदार. टीईटी आहे पहिली ते आठवीच्या शिक्षकांना. त्यांतल्या प्राथमिक शाळेच्या गुरुजींना त्या मतदारसंघात मत नाही आणि बेकार डी.एड. धारकाला तर नाहीच नाही.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. नोकरीत असलेल्या शिक्षकांची फी शासनाने भरावी. सवलतीची फी निदान सीटीईटीएवढी खाली आणावी. प्रत्येक परीक्षेनंतर किती जमा झाले आणि कशावर खर्च झाले, याचा हिशेब परीक्षा परिषदेने वर्तमानपत्रात छापावा. आणि अर्जाची मुदत सोयाबीन बाजारात येईपर्यंत ठेवावी. त्याला एक पैसाही लागत नाही.

आमच्या गावातल्या शाळेला उद्या चांगली बाई मिळेल की नाही, हे तिला किती येते यावर ठरू द्या. सप्टेंबर महिन्यात तिच्या घरी हजार रुपये होते की नव्हते, यावर ते ठरता कामा नये.