पेशींचे नियोजित मरण

मरण म्हणजे निव्वळ हानी, असे आपण मानतो. देहातील पेशींचा न्याय मात्र निराळा आहे. गर्भात बोटांमधील पेशी मरतात, म्हणूनच बोटे सुटी होतात. वेळ येताच कॅस्पेझ नावाची विकरे पेशीतील प्रथिनांचे तुकडे करतात आणि इतर पेशी तिचे अवशेष गिळून टाकतात. हे मरण घडविणारी जनुके एका सूक्ष्म कृमीत हुडकून काढणारे हॉर्विट्झ २००२ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले.

बीसीएल-२ हे प्रथिन या मरणाला आवर घालते. त्याचा अतिरेक झाला, की मरावयास हव्या त्या पेशी जगतात आणि कर्करोगाला वाट मिळते. त्या प्रथिनास रोखणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ साली अमेरिकेत मान्य झाले. काही रक्तकर्करोगांत ते दिले जाते. पेशीला तिचे टळलेले मरण परत देणे, हेही जीवनरक्षणच होय, असे आम्हांस वाटते.