वाणिज्यविद्येची पहिली पायरी



आपली मुलेमुली आज वाणिज्य महाविद्यालयांत शिकत आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु 'नावे' आणि 'जमा' हे शब्द मुखोद्गत केल्याने हिशेबशास्त्र येत नाही, असे आम्हांस वाटते. १४९४ साली व्हेनिस येथे लुका पाचोली याने द्विनोंदी पद्धतीचे विवरण छापून प्रसिद्ध केले. तिचे मर्म एवढेच की, प्रत्येक व्यवहारास दोन बाजू असतात. १०० रुपयांचा माल १२० रुपयांस उधारीने विकला, तर वहीत २० रुपये नफा दिसतो. गल्ल्यात मात्र छदामही पडत नाही. नफा आणि रोकड यांतील हा भेद न उमजल्याने चालती दुकाने बसतात.

अर्थशास्त्र आणखी एक दृष्टी देते. शिक्षणाचा खर्च म्हणजे केवळ फी नव्हे. त्या वर्षांत सोडून दिलेली मिळकतही त्यात धरावी लागते. हे ओझे मातापितरे मुकाट्याने वाहतात. म्हणून विद्यार्थ्यांस आमची विनंती आहे की, पुस्तकातील पहिला ताळेबंद शिकताच दुसरा आपल्या घराचा मांडावा आणि वडीलधाऱ्यांस वाचून दाखवावा. तेथे ती विद्या कामास आली, तरच ती अंगी मुरली असे समजावे.