काशीबाई नावाच्या दोघी

देवनारहून पुन्हा एकदा तुमच्याशी बोलतेय. आजची गोष्ट कुणा राणीची किंवा क्रांतिकारकाची नाही, तर दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक करून पोट भरणाऱ्या एका बाईची आहे. नाव काशीबाई, गाव पुणे, साल १८६३.

काळं पाणी म्हटलं की आपल्याला सेल्युलर जेल आठवतं. पण त्या जेलचं बांधकाम सुरू झालं १८९६ मध्ये. अंदमानात कैदी धाडायला सुरुवात झाली होती १८५८ पासूनच, आणि त्यांत बायकाही असायच्या. इंग्रजांची ही जुनीच रीत. ऑस्ट्रेलियात त्यांनी सुमारे २५ हजार स्त्री-कैदी पाठवल्या. त्यांतल्या कितीतरी आयर्लंडच्या मोलकरणी होत्या आणि बऱ्याच जणींचा गुन्हा म्हणजे किरकोळ चोरी. आपल्या काशीबाईवरचा आरोप मात्र खुनाचा होता.

तिची हकीकत कळते ती जोतीराव फुल्यांच्या एका पत्रातून. बेहरामजी मलबारींनी १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं काढली. त्यावर मत देताना फुल्यांनी ४ डिसेंबर १८८४ ला हे पत्र इंग्रजीत लिहिलं. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे इनाम कमिशनमध्ये अधिकारी होते. त्यांच्या घरी काशीबाई ही तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारचा एक शास्त्री तिच्या मागे लागला. आधी तिने दाद दिली नाही, शेवटी फसली. दिवस गेले. त्याच्याच सांगण्यावरून तिने नाही नाही ती विषारी औषधं घेतली, पण उपयोग झाला नाही. मुलगा झाला. अब्रूच्या धास्तीने तिने त्याला सुरीने मारलं आणि घरामागच्या विहिरीत टाकलं. दोन दिवसांनी पोलिसांनी तिला पकडलं. पुण्याच्या सेशन्स कोर्टाने जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा दिली.

आता कायदा बघा. भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ ला लागू झाली होती. कलम ३०२ खाली दोनच शिक्षा होत्या, फाशी नाहीतर आजन्म काळं पाणी. म्हणजे तिला मिळाली ती त्यातल्या त्यात सौम्य! विधवाविवाहाचा कायदा १८५६ लाच झाला होता, पण तो होता कागदावर. वाड्यात, पंगतीत, विहिरीवर चालायचा तो वेगळाच कायदा.

अजून एक गोष्ट मला त्या पत्रात सारखी टोचते. बाईचं नाव आहे, मालकाचं नाव आहे. शास्त्री मात्र नुसता 'शास्त्रीबुवा' आहे. पोट तिचं दिसलं, प्रेत विहिरीत सापडलं, पुरावा म्हणजे तीच. त्याच्याविरुद्ध पुरावा कुठून येणार?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे सिस्टीम कोसळली की चूक कुणाची यावर बैठक थांबत नाही. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय बदलायचं, ते लिहावंच लागतं. कोर्टाने गुन्हेगार ठरवला आणि फाइल बंद केली. फुल्यांनी पुढचं काम हाती घेतलं. खटला संपल्यावर लगेच आपल्याच आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. ब्राह्मण वस्तीत गल्लीच्या कोपऱ्या-कोपऱ्यावर छापील पत्रकं चिकटवली. विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं की ठेवायचं ते आपलं आपण ठरवावं. येणाऱ्या बायकांचं सगळं केलं सावित्रीबाईंनी.

फुल्यांनी पत्रात हिशेबही दिलाय. तोवर ३५ गर्भवती विधवा तिथे बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी जगली ५, गेली ३०. कारणही त्यांनीच दिलंय: गर्भ लपवायला आयांनी आधी घेतलेली विषारी औषधं. हा आकडा मी दोनदा वाचला. दार उघडं होतं, पण तिथवर येईपर्यंत बहुतेकींना उशीर झालेला असायचा. भीती पत्रकाच्या आधी पोचलेली असायची.

आता थोडा गोंधळ निस्तरू. फुल्यांकडे पुढे, १८७४ च्या सुमारास, आणखी एक काशीबाई आली. तीही ब्राह्मण विधवा, तीही गरोदर. तिच्या मुलाला जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतलं, तो यशवंत. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्यासोबत रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाई गेल्या. या दोघींची पुष्कळदा गल्लत होते. नाव एक, जात एक, अडचण एक. एकीला जन्मठेप झाली, दुसरीचा मुलगा डॉक्टर झाला. मधल्या दहा-अकरा वर्षांत समाज काही सुधारला नव्हता. फक्त एक घर उघडलं होतं.

आज? 'काळं पाणी' ही शिक्षा १९५६ पासून कायद्यातून गेली, तिच्या जागी जन्मठेप आली. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मूल सांभाळता येत नसेल तर ते बाल कल्याण समितीकडे रीतसर सोपवता येतं, फेरविचाराला दोन महिने मिळतात. आपल्या देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कच्च्या कैद्यांसोबत, तुरुंगातून सुटलेल्या बायकांसोबत काम करतोय.

पण हे माहिती कुणाला आहे? गोवंडीहून चेंबूरच्या बिल्डिंगींत स्वयंपाकाला जाणाऱ्या किती मुलींना? फुल्यांचं पत्रक भिंतीवर होतं, जाता-येता दिसेल असं. म्हणून एक विनंती. हा भाग ऐकलात तर बाल कल्याण समितीची ती एक गोष्ट तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना, मावशींना सांगा. गप्पांच्या ओघात सांगा, चौकशी न करता.